हप्ता अडलाय? नवा फॉर्म भरू नका

हिंगोली जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. एक शटर, एक संगणक, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर लिंबाखाली बाकडं. पाटीवर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असं लिहिलंय, पण गावात सगळे सेतूच म्हणतात आणि मला सेतूवाली ताई. पीएम किसानचा हप्ता पडला की दुसऱ्या दिवशी बाकड्यावर जागा नसते. ज्यांचे पैसे आले ते येत नाहीत, ज्यांचे नाही आले ते येतात, आणि बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं : “ताई, माझा नवा फॉर्म भरून दे.”

मी भरत नाही. त्यावरून माझी बोलाचालीही झालीय लोकांशी. पण ज्याची नोंदणी एकदा झालीय त्याचा आधार पोर्टलवर आहेच, दुसऱ्यांदा तो घेतला जात नाही. मग कुणीतरी शहाणा सांगतो, मालकिणीच्या नावानं भर. ते भरलं जातं, आणि पुढं नवराबायको दोघंही तपासणीत अडकतात, कारण या योजनेत नवरा, बायको आणि अठरा वर्षांच्या आतली मुलं मिळून एक कुटुंब धरलंय आणि कुटुंबाला एकच लाभ आहे. म्हणजे आधी एक हप्ता अडला होता, आता दोन्ही नावं अडली.

तेव्हा पहिलं काम फॉर्म भरण्याचं नाही, हप्ता कुठं अडलाय ते शोधण्याचं. ते घरी बसून होतं. पोराकडं फोन असला की झालं.

त्याच्याही आधी एक गोष्ट विचारून घ्या स्वतःला : कोणते पैसे? लोक येतात आणि म्हणतात, “दोन हजार आले नाहीत.” दोन हजार दोन दारांनी येतात. एक केंद्राचे, पीएम किसानचे. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० असे तीन हप्ते. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरला सुरू झाली, पण हिशेब १ डिसेंबर २०१८ पासूनचा धरला. दुसरे राज्याचे, नमो शेतकरी महासन्मान निधीचे. तेही वर्षाला ६,०००, तसेच तीन हप्ते. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. नमोला वेगळा अर्ज नाही. पीएम किसानच्या यादीत जो बरोबर बसलाय त्यालाच नमो मिळतो. म्हणून पीएम किसान दुरुस्त केलं की नमोचं बहुतेक आपोआप सुटतं. दोन्ही एकाच दिवशी पडतील असं मात्र धरू नका. केंद्राचा आला आणि राज्याचा नाही, एवढ्यावरून धावत येणारे माझ्याकडं दर वेळी असतात, आणि काही दिवसांनी तेच मोबाइल दाखवत जातात, “आला बरं का.”

आता शोधायचं कसं. पीएम किसानच्या वेबसाइटवर ‘नो युवर स्टेटस’ असं एक बटण आहे. तिथं नोंदणी क्रमांक टाकायचा. तो कुणाच्याच लक्षात नसतो. तिथंच ‘नो युवर रजिस्ट्रेशन नंबर’ म्हणून दुवा आहे, मोबाइल किंवा आधार टाकला की ओटीपी येतो आणि क्रमांक मिळतो. तो क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनानं लिहून ठेवा. चिठ्ठीवर नको, चिठ्ठी धुण्यात जाते.

स्टेटस उघडलं की तीन ओळी बघायच्या : लँड सीडिंग, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), आधार बँक सीडिंग. सीडिंग म्हणजे जोडणी. तिन्हीपुढं ‘यस’ पाहिजे. जिथं ‘नो’ दिसतंय तिथं तुमचा हप्ता बसलाय. बाकी पान वाचलं नाही तरी चालेल. ह्या पानाचा फोटो काढून घ्या, कारण पुढं ज्या दारात जाल तिथं “तुमचं काहीतरी प्रॉब्लेम आहे” असंच ऐकवतात. काहीतरी म्हणजे काय, ते तुमच्या हातात असलं की बोलणं सरळ होतं.

ई-केवायसी ‘नो’ असेल तर ते सगळ्यात सोपं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीनं घरी होतं. पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवूनही होतं. नाहीतर सेतूत अंगठा. अंगठ्याचं मात्र एक आहे. दिवाळीच्या पुढंमागं, कापूस वेचणीत आणि सोयाबीन काढणीत, बायांच्या अंगठ्याच्या रेषाच उरत नाहीत. मशीन लाल होतं, पुन्हा लाल होतं. मी ओल्या फडक्यानं पुसायला लावते, मग तोच अंगठा डोक्याच्या केसांवरून फिरवायला सांगते, तेलाचा हात लागला की कधीकधी घेतं. नाहीच घेतलं तर दुसरं बोट, तेही नाही तर चेहऱ्यावर जायचं. तोंडावरचा पदर काढा, उजेडाकडं तोंड करा, पापणी मिटून उघडा. माझ्या बाकड्यावर बसून तरण्या सुनांनी सासवांचे चेहरे असे फोनसमोर धरलेत की बघणाऱ्याला वाटावं फोटो स्टुडिओच उघडलाय.

लँड सीडिंग ‘नो’ म्हणजे तुमची जमीन तुमच्या नावाला पोर्टलवर जोडलेली नाही. २०२२ मध्ये बाराव्या हप्त्याच्या वेळी हे जोडणं सक्तीचं झालं आणि गावंच्या गावं गळाली. हे काम सेतूत होत नाही, बँकेत होत नाही. सातबारा, आठ-अ, आधार आणि ज्या फेरफारानं जमीन नावावर आली तो फेरफार, एवढं घेऊन तलाठी आणि तालुक्याच्या कार्यालयात जायचं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी, पाट्या बदलल्यात. गावात कुणी म्हणत नाही, पण अर्जावर नवं पद लिहा. फेरफार का, तर १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख. त्या दिवशी सातबाऱ्यावर तुमचं नाव पाहिजे. नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हा लाभ नाही. खातेदार वारला आणि वारसानं जमीन आली, तर मात्र चालते. सातबाऱ्याची डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत मिळते, ती चालते. त्यावर शिक्का मारून आणा म्हणणाऱ्याला नम्रपणे खालची ओळ वाचून दाखवा, शिक्क्याची गरज नाही असं त्यावरच छापलेलं असतं.

वारसाचं एक जरा बाजूचं सांगते. आमच्याकडं बाप जाऊन दहा वर्षं झाली तरी सातबारा बापाच्याच नावावर. भाऊभाऊ बोलत नाहीत म्हणून वारसनोंद नाही. मग कोणतंच अनुदान नाही, कर्ज नाही, विमा नाही. वारसनोंदीला वाटणी करावी लागत नाही, हे लोकांना पटत नाही. सगळ्या वारसांची नावं एकत्र लागतात, भांडण नंतर निवांत करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र जोडून तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. बहिणींचीही नावं लावा, लपवलेली बहीण पुढं सापडतेच.

आता बँक. सगळ्यात जास्त हप्ते इथं अडतात आणि लोकांना सगळ्यात कमी कळतं तेही हेच.

मागच्या उन्हाळ्यात एक आजी आल्या. हळदीच्या रंगानं पिवळी झालेली प्लास्टिकची पिशवी, त्यात तीन पासबुकं. एक जिल्हा बँकेचं, पीककर्जाचं. एक राष्ट्रीयीकृत बँकेचं, निराधारच्या पगारासाठी काढलेलं. तिसरं कुण्या बचत गटाच्या बाईनं कॅम्पात काढून दिलेलं, त्यात एकही नोंद नाही. चार हप्ते आले नव्हते. बँकेत तीनदा जाऊन आलेल्या. तिथला माणूस दर वेळी संगणकात बघून म्हणायचा, “आजी, आधार लिंक आहे तुमचं.” आणि तो खोटं बोलत नव्हता.

गोम अशी आहे. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि आधारला खातं जोडणं वेगळं. केवायसीसाठी तुम्ही आधारची झेरॉक्स दिली की बँक ती आपल्या नोंदीत घेते, आणि तशी ती तीन बँकांत तीनदा घेतली जाऊ शकते. सरकार पैसे पाठवतं तेव्हा खाते क्रमांक बघत नाही, आधार क्रमांक बघतं. त्या आधारापुढं कोणती बँक, हे एनपीसीआयच्या, म्हणजे बँकाबँकांतले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, यादीत लिहिलेलं असतं, आणि तिथं एका आधारापुढं एकच बँक असते. जिनं शेवटची नोंद केली ती. आजींच्या आधारापुढं ती कॅम्पातली तिसरी बँक होती, आणि ते खातं वापर नाही म्हणून बंद पडलेलं. पैसे त्या बंद दारावर जाऊन परत फिरत होते. दुसरीकडं जिल्हा बँकेचं पासबुक आजी दर महिन्याला भरून आणत होत्या.

हे तपासायला बँकेत जायची गरज नाही. आधारच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपीनं आत गेलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’ असं लिहिलेलं असतं. तिथं बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ की ‘इनॲक्टिव्ह’ एवढं दिसतं. खातं क्रमांक दिसत नाही. जे नाव दिसेल त्या बँकेचं पासबुक आधी भरून आणा. निम्म्या वेळा पैसे तिथं येऊन पडलेले असतात आणि घरी कुणाला पत्ता नसतो.

नाव चुकीचं असेल किंवा ‘इनॲक्टिव्ह’ असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं जा, आणि तिथं काय बोलायचं ते नीट ऐका. “आधार लिंक करा” असं म्हणू नका. “डीबीटीसाठी एनपीसीआयला आधार सीडिंग करायचंय, त्याचा संमतीचा फॉर्म द्या,” असं म्हणा. डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात येणं. फॉर्मवर पूर्वीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती भरा. सही अंगठा करून द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. देत नाहीत, म्हणतात लागत नाही. मागा. माझ्या स्वतःच्या वडिलांचा फॉर्म एका शाखेत दोनदा ‘गेला’. तिसऱ्यांदा पोच घेतली आणि आठ दिवसांत काम झालं. बँकेत जमतच नसेल तर गावच्या पोस्टमनकडं पोस्ट पेमेंट बँकेचं खातं काढा, अंगठ्यावर निघतं आणि डीबीटीची नोंदही तिथंच करून घेता येते. आजींचं आम्ही तेच केलं. मात्र हे करताना लक्षात असू द्या : आता निराधारचे पैसे, गॅसची सबसिडी, आधारावर येणारं सगळं त्याच खात्यात जाणार. नाहीतर पुढच्या महिन्यात निराधार बंद झाला म्हणून पुन्हा बाकड्यावर याल.

तिन्ही ‘यस’ आहेत आणि तरी पैसे नाहीत, असंही होतं. तेव्हा त्याच पानावर खाली हप्त्याची ओळ बघायची. ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ म्हणजे राज्यानं तुमचं नाव तपासून पैसे पाठवा असं कळवलंय. ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ म्हणजे पैशांचा आदेश निघालाय. या दोन्हीत तुम्ही काही करायचं नाही, थांबायचं. नाकारल्याचा शेरा असेल तर कारणही तिथंच असतं. आयकर भरल्याचा शेरा आला तर पोराला विचारा. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी कुणा एजंटानं तुमच्या पॅनवर विवरणपत्र भरलेलं असतं. मागच्या वर्षी ज्यानं आयकर भरला तो या योजनेत बसत नाही. महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा बसत नाही, सरकारी नोकर बसत नाही. शिपायासारख्या चतुर्थ श्रेणीच्या लोकांना दोन्हीतून सूट आहे, ते उगीच घाबरून नाव काढून घेतात. आपण बसत नाही हे माहीत असून पैसे घेतले तर वसुलीची नोटीस येते, आणि ती आली की माणूस माझ्याकडं येतो, जणू मीच पाठवली.

शेतकरी ओळख क्रमांकाचं काम राहिलं असेल तर ते हप्त्याच्याही आधी करा. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांना तो सक्तीचा आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सगळे सातबारे घेऊन या. ‘सगळे’ हा शब्द मी ओरडून सांगते. शेत दोन गावांत असतं, माणूस एकाच गावचा गट लावून मोकळा होतो आणि नंतर दुसऱ्या शेताचं काही मिळत नाही. नावांचंही बघा. आधारवर विठ्ठल आणि सातबाऱ्यावर विठोबा असलं की पोर्टल जुळवणी कमी दाखवतं आणि अर्ज तलाठ्याच्या मंजुरीला जातो. चालतं तेही, उशीर लागतो इतकंच.

ठिबक, तुषार, अवजारं यांच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर, आणि तिथली चूक वेगळीच. अर्जाला २३ रुपये ६० पैसे लागतात. त्याच्या पावतीवर लोक समाधानी होतात आणि दुकानात जातात. पूर्वसंमती पत्र हातात पडल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही. हे मी पाटीवर लिहून लावलंय, आणि माझ्याच घरात ते कुणी वाचलं नाही. आमच्या ह्यांनी रोटाव्हेटर आणला. दुकानदार म्हणाला, “घेऊन जा दादा, पेरणी कशाला खोळंबवता, अनुदान येतंच.” पत्र आलं तीन आठवड्यांनी. बिलावरची तारीख आधीची. अनुदान गेलं, आणि वर्षभर जेवताना तो विषय काढायचा नाही असा घरात अलिखित नियम झाला. 

ठिबकला राज्यात अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान मिळतं : केंद्राचे ५५ किंवा ४५ आणि वर राज्याचे २५ किंवा ३०. पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात. बिल लाखाचं आणि हातात पडले त्याहून बरेच कमी, म्हणून मग गैरसमज. खरेदी झाली की बिल वेळेत अपलोड करा आणि मोका तपासणीला नळ्या शेतात पसरलेल्या ठेवा. गुंडाळून गोठ्यात ठेवलेल्या नळ्यांचा फोटो चालत नाही.

नुकसानभरपाईबद्दल थोडंच, कारण तिचा निम्मा निकाल पाऊस पडायच्या आधी लागलेला असतो. ई-पीक पाहणी केलीय का? पीक लावलं की शेतात उभं राहून फोटो काढायचा, बांधावरून किंवा घरून नाही, ॲप जागा बघतं. सातबाऱ्यावर सोयाबीन आणि शेतात हळद असली की पंचनाम्यात वाद. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये धरलेत. यादीत नाव लागलं आणि तलाठ्यानं व्हीके नंबर, म्हणजे यादीतला तुमचा विशिष्ट क्रमांक, दिला तर तो घेऊन सेतूत या, अंगठा द्या, झालं. यादी ग्रामपंचायतीवर लागते, ती वाचायला स्वतः जा. शेजाऱ्याच्या डोळ्यांनी वाचू नका, तो आपलंच नाव शोधत असतो.

आणि फोनवर आलेली ‘पीएम किसान’ नावाची फाइल उघडायची नाही. गावाच्या ग्रुपवर येते, वर सरकारी चिन्ह असतं, खाली एपीके लिहिलेलं असतं. ती उघडली की फोन त्यांचा झाला आणि खातंही. ॲप घ्यायचंच तर फोनच्या प्ले स्टोअरवरून. हप्त्यासाठी कुणीही फोन करून ओटीपी मागत नाही, मीसुद्धा फोनवर मागत नाही. समोर बसवून, तुमच्याच हातानं टाकायला लावते. सगळं तपासून झालं आणि काहीच कळलं नाही तर १५५२६१ वर फोन लावा. लागायला वेळ लागतो, दुपारी जेवणाच्या सुमाराला लावून बघा, नोंदणी क्रमांक आणि ते पासबुक समोर घेऊन.

येताना आणायची पिशवी : आधार, सगळी पासबुकं, बंद पडलेलं आणि रिकामंसुद्धा, सातबारा, आठ-अ, आणि आधारला जोडलेला मोबाइल. मोबाइल म्हणजे सिमकार्ड आत असलेला आणि चार्जिंग केलेला. सोमवारी येऊ नका, बाजार असतो आणि दुपारनंतर रेंज जाते. त्या आजी मात्र सोमवारीच येतात. पोस्टाच्या खात्यात त्यांचे अडलेले हप्ते पडले तेव्हाही सोमवारच होता. पोस्टमननं पैसे मोजून दिले, त्यांनी ते दोनदा मोजले, पिवळ्या पिशवीत घातले आणि मला विचारलं, “ताई, मग ह्या तिसऱ्या पासबुकाचं काय करू?”

“बंद करून टाका,” म्हटलं. ते काम अजून बाकी आहे. ती शाखा तालुक्याला आहे आणि आजी म्हणतात, हळद शिजवून झाल्यावर बघू.